दोन नाताळांमधला कोंबडा

आस्कालेबाई अंगणात मसूर निवडत बसल्या होत्या. बिनियामने फोन कानावरून काढला आणि म्हणाला, "आई, म्वेंदेचे आईबाबा उद्या येतायत."

"उद्या? मी तर नाताळाला बोलावलं होतं. आज तारीख किती?"

"चौदा."

"आणि नाताळ?"

"एकोणतीसला."

"मग पंधरा दिवस आधी येऊन करणार काय ते? माझ्याबरोबर मसूर निवडणार?"

बिनियामने डोकं खाजवलं. "त्यांच्याकडे आज तेवीस तारीख आहे, आई. त्यांचा नाताळ परवा."

आस्कालेबाईंनी सूप खाली ठेवलं. "वर्ष आपल्यापेक्षा सातने पुढे मोजतात म्हणे. एवढे पुढे गेलेले लोक, त्यांना आणखी दोन आठवडे धीर धरवत नाही?"

चूक बिनियामची होती. अदिस अबाबातल्या माणसाच्या डोक्यात दोन कॅलेंडरं असतातच, एक घरचं, इथियोपियाचं, आणि एक ऑफिसचं, बाहेरच्या जगाचं. आईचं आमंत्रण त्याने ऑफिसात बसून केनियाला, होणाऱ्या सासूसासऱ्यांना कळवलं, त्यामुळे ते ऑफिसच्या कॅलेंडरात जाऊन पडलं.

"फोन कर आणि खरं काय ते सांग."

"आता कसं सांगू? म्वेंदे आनंदाने रडलीय. म्हणते, आईंचा स्वतःचा उपास चालू असताना त्यांनी आमचा सण लक्षात ठेवून माझ्या माणसांना बोलावलं! तिचे बाबा या लग्नाला कबूल नव्हते. परक्या देशात मुलगी देणार नाही म्हणत होते. त्यांच्या सणाला बोलावलंय एवढं ऐकलं तेव्हा कुठे विमानात बसायला तयार झाले."

आस्कालेबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. केलेल्या उपकाराची परतफेड कशी घ्यायची ते त्यांना ठाऊक होतं. न केलेल्या उपकाराचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आता पाहुणे सणाला येणार म्हणजे डोरो वट हवंच. कोंबडीच्या त्या लाल रश्श्याशिवाय नाताळ कसला? पण नाताळाआधीचे त्रेचाळीस दिवस आस्कालेबाईंच्या घरात मांस, दूध, अंडं, लोणी काही शिजत नसे. बेचाळीस वर्षांत त्यांनी हा नेम एकदाही मोडला नव्हता. बिनियाम पोटात होता तेव्हाही नाही.

"करू," त्या शेवटी म्हणाल्या. "पण पाहुण्यांना माझ्या उपासाचं अवाक्षर सांगायचं नाही, तूही नाही आणि म्वेंदेनेही नाही. पाहुणा अवघडला की घास उतरत नाही त्याचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाजारातून कोंबडा काखेत मारून निघाल्या आणि गल्लीत शिरताच तो आरवला. एकदा नाही, घराघरापाशी. उपासाच्या ऐन दिवसांत आस्कालेबाईंच्या काखेत कोंबडा! त्या घरी पोचण्याआधी बातमी अब्बा वोल्देंपर्यंत पोचली. देवळातले म्हातारे अब्बा या घराचे धर्मगुरू. ते काठी टेकत आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाहुण्याला वाढण्यात पाप नाही, पोरी. पण चव घेऊ नकोस. बोटसुद्धा चाटू नकोस."

सणाच्या दिवशी कोंबडा कापला बिनियामने. त्याचा चेहरा कोंबड्यापेक्षा जास्त केविलवाणा झाला होता. आस्कालेबाईंनी बारा तुकडे केले, टोपलीभर कांदा परतला, मसाला घातला, उकडलेली अंडी सोडली आणि तिथे हात थांबला. मीठ बरोबर आहे की नाही हे कळणार कसं? त्यांनी भिंतीपलीकडे हाक मारली. "रुकिया, अगं ये लवकर!"

रुकिया शेजारीण. तीस वर्षांची मैत्री, पण ही मशिदीकडची आणि त्या देवळाकडच्या. एकमेकींच्या हातचं कापलेलं दोघीही खात नसत.

"चव मी पण नाही घेऊ शकत, माहितेय ना तुला?" रुकिया म्हणाली.

"अगं, मग वास तरी घे!"

रुकियाने पातेल्यावर वाकून डोळे मिटून वास घेतला. "मीठ कमी आहे."

आस्कालेबाईंनी मूठभर घातलं. तेवढ्यात दारावर गाडी थांबल्याचा आवाज आला म्हणून त्या धावल्या. गाडी शेजाऱ्यांकडची निघाली. इकडे रुकियाने पुन्हा वास घेतला आणि मैत्रिणीला मदत म्हणून आपल्या हाताने आणखी एक मूठ मीठ घातलं. परत आल्यावर आस्कालेबाईंना काही आठवेना. घातलं की घालायचं राहिलं? नसल्यापेक्षा असलेलं बरं, म्हणून त्यांनी तिसरी मूठ टाकली.

आदल्या दिवशी शहरात उतरलेले पाहुणे म्वेंदेबरोबर जेवायला आले. मुतुआ म्हणजे म्वेंदेचे बाबा, केनियातल्या मचाकोसचे निवृत्त हेडमास्तर, उंच, आणि कुणीही समोर आलं की आधी त्याच्या बुटांकडे बघणारे. बायको न्दुकूबाई हसतमुख. मधोमध मेसोबवर, वेताच्या टोपलीसारख्या मेजावर, आंबोळीसारखा मोठा इंजेरा पसरला होता. त्याच्या एका अंगाला लालभडक वट आणि आस्कालेबाईंच्या बाजूला डाळीचं शिरो.

"आई काय म्हणतायत?" मुतुआंनी विचारलं.

"नाताळाच्या शुभेच्छा म्हणतेय," बिनियाम म्हणाला. आई खरं तर "लवकर सुरुवात करा, गार होतंय" म्हणाली होती.

मुतुआंनी पहिला घास घेतला. मग पाण्याचा पेला उचलला आणि रिकामा केला. दुसरा घास, दुसरा पेला. न्दुकूबाईंनी तर तांब्याच जवळ ओढून घेतला.

"प्रवासाने सुकलेत गं बिचारे," आस्कालेबाई दाराशी उभ्या असलेल्या रुकियाला म्हणाल्या. त्यांना भरून आलं. त्यांनी वटाचा भलामोठा घास केला आणि आपल्या हाताने व्याह्यांच्या तोंडात भरवला. प्रेमाचा घास, गुर्शा. तो नाकारायचा नसतो. मुतुआंनी डोळे मिटून गिळला. डोळ्यांत पाणीही आलं.

पण म्वेंदेने वडिलांना तयार करून आणलं होतं. घास मिळाला की उलट भरवायचा असतो, एवढं त्यांना पक्कं पाठ होतं. त्यांनी कोंबडीचा तुकडा इंजेऱ्यात गुंडाळला आणि हात आस्कालेबाईंच्या तोंडापाशी नेला.

बिनियामच्या हातातला इंजेरा गळून पडला. रुकियाने ओढणीने तोंड झाकलं. घास नाकारावा तर मुलीच्या बापाचा अपमान, मग लग्न विसराच. घ्यावा तर बेचाळीस वर्षांचा नेम पाण्यात. आस्कालेबाईंनी मुलाकडे पाहिलं, म्वेंदेकडे पाहिलं, डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत देवाची क्षमा मागितली आणि तोंड उघडलं.

घास आला नाही.

"या काय पुटपुटल्या?" मुतुआ मुलीला विचारत होते. "चाळीस वर्षं वर्गात काढलीत मी. मनाविरुद्ध उघडलेलं तोंड मला ओळखता येतं."

मग म्वेंदेला राहवलं नाही. तिने सगळं सांगितलं, उपासाचं, दोन नाताळांचं, चव न घेता रांधलेल्या रश्श्याचं. मुतुआंनी तो घास स्वतः खाल्ला, वर पेलाभर पाणी प्यायले, हात धुतले आणि शिरोचा नवा घास करून आस्कालेबाईंना भरवला.

"अजून किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"तेरा," बिनियाम म्हणाला.

मुतुआंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग पातेल्यातलं वट दोघा नवराबायकोने आणखी दोनदा मागून घेतलं, आणि निघताना मुतुआ पोरीला म्हणाले, "इथे दिली तुला."

एकोणतीस तारखेच्या सकाळी आस्कालेबाई देवळातून परतल्या. टाकायला जिवावर येतं म्हणून बर्फाच्या कप्प्यात ठेवलेलं थोडंसं वट गरम केलं, देवाचं नाव घेतलं आणि उपास सोडायचा पहिला घास तोंडात घातला.

दुसऱ्या क्षणाला त्या माठाकडे धावल्या. "अरे देवा! ही माणसं हे तीनतीनदा जेवली?"

तेवढ्यात बिनियामचा फोन वाजला. मुतुआच होते. "नाताळाच्या शुभेच्छा! आईंना सांग, आम्ही आजच बकरा कापला. तुमच्याकडच्या त्या जेवणानंतर तेरा दिवस आम्ही मांस खाल्लं नाही. बकरा अंगणात बांधलेला होता, भाऊबंद विचारत होते, पण म्हटलं, व्याहीणबाई सोडतील तेव्हाच आपणही सोडू."

आस्कालेबाईंच्या डोळ्यांना धार लागली. साठ वर्षं पंचवीस तारखेला बकरा खाल्लेला माणूस त्यांच्यासाठी थांबला होता. "त्यांना माझा नमस्कार सांग," त्या म्हणाल्या. "आणि विचार, वट एवढं खारट होतं तर बोलले का नाहीत?"

बिनियामने विचारलं. ऐकता ऐकता त्याने कपाळाला हात लावला.

"काय म्हणतायत रे?"

"म्हणतायत, खारट? त्यांना वाटलं, आपल्याकडे सणाला असंच करतात." त्याने फोनवर हात धरला. "म्हणून तुझ्या मानासाठी आज बकऱ्यातही तेवढंच मीठ घातलंय त्यांनी. सगळं गाव जेवायला बसलंय आणि विहिरीवर रांग लागलीय."