वसंताचा पहिला नंबर

आमच्या कुवेतमधल्या बनेद अल-गारच्या खोलीत नवीन माणूस बॅग खाली ठेवतो न ठेवतो, तोच वसंता कॉटवरून मान उचलून कोणाचा तरी भाव पाडायचा. नव्या माणसाला नाव, गाव काही विचारायचा नाही. एवढंच विचारायचा, "काय येता तुका?" तो बिचारा म्हणाला की मासे बरे करतो, की वसंता लगेच, "गोविंदा, तुझो भाव पडलो रे!" गोविंदा म्हणजे तोवरचा आमचा मासे करणारा. त्या दिवशी रागाने त्याने कढीत मीठच घातलं नाही.

वसंता मालवणकडचा, पन्नाशीचा, काटकुळा. एका अमेरिकन कंपनीच्या ऑफिसात चहावाला. पांढरा शर्ट रोज स्वतः इस्त्री करायचा, बाहीवर घडी अशी की सुरीने कापल्यासारखी. ऑफिसात दिवसाला शंभर कप चहा करतो असं सांगायचा. म्हणून खोलीत चहाच्या टोपाला बोट लावायचा नाही. "हय पण धंदो करू काय?" पाच वर्षांत त्याच्या हातचा चहा आम्ही प्यायलो नव्हतो.

हे भावाचं वेड त्याला ऑफिसात लागलं. तिकडे अमेरिकेत एक फुटबॉल खेळतात. आपला नव्हे, नारळासारखा चेंडू पोटाशी धरून पळायचा. ऑफिसातल्या बारा साहेबांनी तिकडचे खेळाडू कागदावर आपापसात वाटून घेतलेले. तिकडे तो खेळाडू खरा किती पळाला, त्यावर इकडे साहेबाला गुण. एका साहेबाची बदली झाली आणि बारावा माणूस कमी पडला. गंमत म्हणून त्यांनी चहावाल्याचं नाव घातलं. वसंताने ते गंमत म्हणून घेतलं नाही.

खेळ त्याने एकदाच बघितला, ऑफिसातल्या टीव्हीवर. म्हणाला, "माणसां उभी ऱ्हवतत, बोलतत, पडतत, परत उठून बोलतत. आमच्या ग्रामपंचायतीसारख्या." अर्ध्यात झोपला. पण माणसाचा भाव कधी चढतो, कधी पडतो, हे त्याला साहेबांपेक्षा जास्त कळायचं. मी चौथीत शाळा सोडली, तरी त्याने सांगितलेलं मला एका दमात कळलं.

तो सांगायचा, दर एप्रिलात तिकडे कॉलेजातून नवे गडी येतात. नवा आला की सगळ्यांचा भाव पडतो असं नाही. त्याच्याच जागेवरच्याचा पडतो. शेजारच्याचा उलट चढतो. पुढे उभा राहून धक्के खाणारा एखादा रेडा नवीन आला, तर त्याच्या आडून पळणाऱ्याचा भाव चढला. खोलीत अनिल राहायला आला, तो भजन गाणारा निघाला. वसंता म्हणाला, "गोविंदा, तुझो भाव चढलो!" कारण गोविंदाची पेटी दोन वर्षं कॉटखाली धूळ खात होती आणि गाणारा कोणी नव्हता. गोविंदा इतका खूश झाला की पुढच्या शुक्रवारी मीठ दोनदा पडलं.

पहिल्या वर्षी वसंताची टीम शेवटून तिसरी आली. दुसऱ्या वर्षी थेट बारावी. आम्ही पोट धरून हसलो. तो शांतपणे शर्टाला इस्त्री करत म्हणाला, "हसतास कित्याक? जो शेवट येता, तेका नव्या गड्यांतलो पहिलो नंबर."

म्हणजे एप्रिलात नवे गडी आले की पहिला कोण घ्यायचा, ते वसंता सांगणार. गडी अजून ठरलेला नाही, हातात नुसता नंबर. आणि त्या नंबरासाठी साहेब लोक जानेवारीपासून त्याच्या मागे. एक साहेब तर बरे चालणारे दोन खेळाडू द्यायला तयार. मी म्हटलं, "अरे, दोन माणसं देतात, घे की. तुझ्या हातात आहे काय?"

"मोहोर आसा, मोहोर."

त्याचा बाप दुसऱ्यांच्या बागा राखायचा. व्यापारी मोहोरावर बाग ठरवतात, ते याने लहानपणापासून बघितलेलं. "मोहोरात किडको आंबो दिसत नाय, मेस्त्री. सगळ्यांका सगळी पेटी भरलेली दिसता. एप्रिलपर्यंत भाव चढतच जातलो. मी सोडूचंय नाय." ट्रे घेऊन ऑफिसात असा चालायचा म्हणे, जसा काही साहेबांनीच त्याला चहा द्यायचा आहे.

आता माझं सांगतो. मी सुतार. अम्गऱ्याला दारं-खिडक्यांच्या कारखान्यात एकवीस वर्षं. फेब्रुवारीत मुदीरने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, दारं कापायचं नवं मशीन आणलं आणि त्याच्याबरोबर एक मशीनवाला. तिशीचा, जाड चष्म्याचा, हाताला एक ओरखडा नाही. बटण दाबलं की दार तयार. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जूनमध्ये संपत होता. मुदीरला विचारलं, पुढे वाढवणार ना? तो म्हणाला, "बघू." एकवीस वर्षांत हा शब्द त्याने मला कधी म्हटला नव्हता. इकामा नाही तर गावाला परत, सत्तावन्नाव्या वर्षी, हातात रंधा घेऊन.

जेवताना मी हे खोलीत सांगितलं. वसंताने घास गिळला आणि म्हणाला, "मेस्त्री, तुझो भाव पडलो."

मी ताटावरून उठलो. त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद. मी एकदा बंद केलं की बंद. सहा माणसांची खोली, त्याची कॉट माझ्या कॉटला लागून, पण काही सांगायचं तर गोविंदाला सांगायचो. "गोविंदा, त्याला म्हणावं पंखा कमी कर." वसंता पण तसाच. "गोविंदा, मेस्त्रीक सांग, जागा बदलल्यार भाव परत चढता." मी कुशीवर वळायचो. मला जागा सांगणारा हा कोण?

मार्चात एक दिवस अनिल बातमी घेऊन आला. त्याचा एक ओळखीचा त्याच ऑफिसात ड्रायव्हर. वसंताने पहिला नंबर देऊन टाकला! बदल्यात घेतलं काय? एक म्हातारा खेळाडू. गुडघे गेलेला, अंग सुटलेला, अख्खं वर्ष बाकावर बसलेला. खोलीत सगळे त्याला नावं ठेवायला लागले. ऑफिसातले साहेब पण हसले म्हणे. आणि एप्रिल यायला चार आठवडे होते, मोहोर ऐन भरात. त्याचाच नियम त्याने मोडला. वसंता इस्त्रीने शर्टाची कॉलर दाबत राहिला. त्या म्हाताऱ्याला आम्ही नाव ठेवलं जाड्या. मला मनात बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, लोकांचे भाव पाडतो, आता भोग.

पुढच्या आठवड्यात मुदीरने मला हाक मारली. सलव्याला एका अमेरिकन साहेबाच्या घरी सात दारं चौकटीला घासतात, दुरुस्त करून ये. मशीनवाला येऊ का म्हणत होता. मुदीर म्हणाला, नको, साहेबाने म्हातारा मेस्त्रीच मागितलाय.

मला वाटलं, एकवीस वर्षांचं नाव आहे आपलं, पोचलं असेल सलव्यापर्यंत.

दारांत काही दोष नव्हता. चौकटीच ओळंब्यात नव्हत्या. समुद्राची दमट हवा, त्यात लाकूड फुगलेलं. असं काम बटणाने होत नाही. बिजागरी सोडवायची, पटाशीने खाच सारखी करायची, दार परत लावून कान देऊन ऐकायचं. तीन दिवस लागले. शेवटचं दार मी एका बोटाने ढकललं, ते आवाज न करता जाऊन बसलं. साहेबाने पण एका बोटाने ढकलून बघितलं, चार वेळा. मग माझ्यासमोरच मुदीरला फोन लावला.

त्याच्याकडे स्वयंपाकाला गोव्याची बाई होती, फिलोमिना. मला पाणी देताना हसायला लागली. म्हणाली, "तुमीच न्हय ते मेस्त? चहावाल्यान पयलो नंबर दिलो तो तुमच्याखातीर?"

मी म्हटलं, कसला नंबर?

तिने सांगितलं ते असं. हा साहेब वसंताच्याच ऑफिसातला, त्याने जेवताना हा किस्सा पाहुण्यांना हसत हसत सांगितला होता. चहावाला त्याला नंबर द्यायला तयार झाला, बदल्यात खेळाडू कोणता पण द्या म्हणाला. कागदावर दाखवायला साहेबाने आपला सगळ्यात निकामी म्हातारा दिला. पण चहावाल्याची एक अट कागदाबाहेरची होती. तो म्हणाला, तुमच्या घरची दारं घासतात असं तुम्ही चहा पिताना म्हणत होता. ती अम्गऱ्याच्या माझ्या मेस्त्रीकडूनच करून घ्यायची. आणि बरी झाली तर तसं त्याच्या मुदीरला सांगायचं.

मी पाणी न पिताच हत्यारं पिशवीत भरायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मुदीरने सांगितलं, त्या साहेबाच्या कंपनीची सलव्यात आणखी घरं आहेत, सगळ्यांची दारं घासतात. तू आता कारखान्यात नाही, फिटिंगला. पासपोर्टचे फोटो आण, इकाम्याला लागतील.

दुपारी खोलीवर आलो. वसंता एकटाच होता, इस्त्री चाललेली. दीड महिन्यात गोविंदाशिवाय बोलायची सवय मोडली होती. मी कॉटवर बसलो, बूट काढले, परत घातले.

"त्या जाड्याचं काय करणार तू?"

त्याने वर बघितलं नाही. "काय करतलंय? ठेवतलंय."

"खेळायचा नाही तो."

"नाय खेळलो तर नाय. टीममधे आसा मां? बस झाला."

"आणि पहिला नंबर?"

"मोहोर तो, मेस्त्री. कोणाक म्हायत, किडको निघालो असतो." इस्त्री उभी केली. "माका तुझा मशीन बघूक नको. आमच्याकडे कॉफीचा तीन वर्सांमागे इला. बटण दाबल्यार कप भरता. साहेब आता आपणच दाबतत."

"आणि शंभर कप?"

"शंभर खंयचे? चार. कधी पाच." मग हसला. "त्या फुटबॉलाच्या कागदात नाव घातल्यानी, म्हणून साहेब हाक तरी मारतत."

पाच वर्षं मी त्याच्या शेजारी झोपत होतो.

माफी मागायची मला सवय नाही, आणि त्या वयात लावून घेणार पण नव्हतो. मी म्हटलं, "वसंता, चहा टाक."

त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं. मग बाह्या वर केल्या, इस्त्रीची घडी मोडली तरी बघितलं नाही. टोप दोनदा घासला. आलं ठेचलं, वेलची शोधली, दूध उतू जाईपर्यंत टोपावर वाकून उभा राहिला, जसे काही शंभर साहेब बाहेर वाट बघतायत. कप माझ्या हातात दिला आणि समोर बसला.

साखर फारच झाली होती. मी सगळा प्यालो, कप खाली ठेवला आणि सांगितलं, "गोड झालाय."

"मेस्त्री," वसंता म्हणाला, "भाव पाडू नको हां."