चहाची पोच

आमच्या समोरच्या सबनीसांकडे चहा प्यायलात की पावती मिळते. बिलाची नव्हे, नुसती पोच. दुकानात बिल देतात तो गुळगुळीत कागद, त्यावर ठिपक्याठिपक्यांचा वाफाळता कप आणि खाली ‘चहा पोचला’. तुम्ही बिनसाखरेचा घेत असाल तर कपाशेजारी चमचा नसतो. माझ्याकडे अशा पावत्या डबाभर आहेत. जुन्या पार कोऱ्या झाल्यात, कारण त्या कागदावर शाईनं नाही, उष्णतेनं छापलं जातं.

सबनीस नोकरीभर दुकानांतले बिलाचे प्रिंटर दुरुस्त करत कोथरूडपासून येरवड्यापर्यंत स्कूटरवर हिंडले. निवृत्त झाल्यावर एका बंद झालेल्या दुकानातला प्रिंटर त्यांनी घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर बसवला. माझी सून कॉम्प्युटरवाली. ती म्हणाली, ‘काका, फोटो टाका, एका क्लिकमध्ये छापून येईल.’ दिवाळीचा सगळा फराळ विकत आणा म्हटल्यावर माझ्या सासूबाईंनी जसं बघितलं असतं, तसं सबनीसांनी तिच्याकडे बघितलं. म्हणाले, ‘अगं, मग त्यात मी काय केलं?’

ते काय करतात, तर आलेखाच्या वहीत चौकोन काळे करून चित्र काढतात. एकेका उभ्या रांगेचा आकडा काढतात. मग प्रिंटरला चित्राचा हुकूम एका बोटानं टाइप करायचा: एस्केपची कळ, चांदणीची खूण, किती रांगा येणार ते, आणि मग ते सगळे आकडे. प्रिंटरला मराठी येत नाही, त्यामुळे ‘चहा’ हा शब्दसुद्धा चित्रच.

‘वहिनी, यंत्राला विनंती कळत नाही. हुकूम लागतो, आणि तोही मोजून,’ ते मला सांगायचे. साठ रांगा सांगितल्या आणि एकसष्ट धाडल्या, तर जास्तीची रांग ते अक्षर समजून भलतंच काहीतरी छापतं. ‘मोजणी चुकली की बडबडतं,’ असं सबनीस म्हणायचे. त्यांची स्वतःची मोजणी कधी चुकली नाही. सोसायटीच्या सभेत ‘हजर सव्वीस’ लिहिलं होतं, ते त्यांनी ‘पंचवीस, एक झोपलेले’ असं दुरुस्त करून घेतलं.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोचा, सुमनचा, उजवा हात अर्धांगवायूनं गेला. रोज सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी घालणारी बाई. वाचा शाबूत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोलतं ठेवा, नाहीतर तीही जाईल. पण ती खिडकीकडे तोंड करून बसायची, काही विचारलं तर ‘हं’. आणि सबनीसांकडे एस्केप-चांदणीपलीकडे विषय कुठला?

मग ते तिच्या रांगोळ्या छापू लागले. परवा मी चहाला गेले, तेव्हा ताजी पट्टी त्यांनी तिच्या हातात दिली. तिनं डाव्या हातानं ती डोळ्यांजवळ धरली.

‘अहो, तिसऱ्या ओळीत एक ठिपका खाल्लात.’

‘कुठे?’

‘हा काय. कमळाचं तोंड वाकडं झालं की. जन्मभर मोजलंत काय?’

‘मला वाटलं तिथे नसतो.’

‘नसतो कसा? धायरीला आमची आई...’ आणि सुमन सुरू झाली. आईचं अंगण, शेणाचा सडा, बोटांच्या चिमटीतून रांगोळी कशी सोडायची ते. पाव तास बोलली. सबनीस खाली मान घालून ऐकत होते.

मला नवल वाटलं. हा माणूस आणि चुकला? रिकामा कप ठेवायला मी आत जेवणाच्या टेबलापाशी गेले, तर वही उघडीच होती. तेच कमळ. ठिपके सगळे जागच्या जागी, एकही कमी नाही. फक्त तिसऱ्या ओळीतल्या एकाभोवती लाल गोल आणि शेजारी सुबक अक्षरात, ‘आज हा गाळणे’. मी मागचं पान उलटलं. दुसरी रांगोळी, दुसरा लाल गोल. त्याच्या मागचंही तसंच.

सबनीस येऊन शेजारी उभे राहिले. माझ्या हातातल्या वहीकडे त्यांनी बघितलं.

‘वहिनी, चहा झाला?’

‘झाला.’

त्यांनी माझी पोच छापली. बाहेरच्या खोलीतून सुमनचा आवाज आला, ‘उद्या तरी नीट मोजा हो.’

‘मोजतो,’ सबनीस म्हणाले, आणि वहीचं नवं पान काढून लाल पेन शोधू लागले.