करिंथचे तपास अधिकारी

आमचे शेजारी हिवराळे जमादार गेली अकरा वर्षं बायबलातल्या एका भांडणाचा तपास करत आहेत. भांडण झालं त्याला दोन हजार वर्षं होत आली. वादी गेले, प्रतिवादी गेले, साक्षीदार गेले, आणि ज्या करिंथ गावात ते झालं त्या गावाचे आता नुसते दगडी खांब उभे आहेत म्हणतात. पण जमादारांच्या लेखी प्रकरण अजून चालू आहे. मी सकाळी कुंपणापाशी दात घासत उभा असलो की पलीकडून आवाज येतो, "मास्तर, स्तेफनासाचा जबाब जुळून नाही राह्यला."

माझ्या तोंडात फेस असतो. मी भुवया उंचावतो. जमादारांना तेवढं पुरतं.

"तो म्हनते मी पौलाले भेटाले गेलो होतो. अरे, पन गेला तवा हात हलवत गेला, का मंडळीचं पत्र घेऊन गेला? ते पत्र कुठी हाये?"

स्तेफनास हा करिंथचा माणूस आणि पौल हा तिथली ख्रिस्ती मंडळी उभी करणारा प्रचारक. आता हे पत्र माझ्याकडे नाही. मी चिखलीच्या शाळेत भूगोल शिकवतो, घरात देव्हारा आहे, आणि ख्रिस्ती मंडळींशी माझा संबंध शेजाराचा आणि नाताळच्या करंज्यांचा. तरी आज करिंथ गावात कोणाचं कोणाशी का पटत नव्हतं हे मला तोंडपाठ आहे. माझी बायको म्हणते, "माझ्या माहेरी मेहकरला कोण कोणाशी बोलत नाही ते तुम्हाला वीस वर्षांत कळलं नाही. आणि करिंथची भाऊबंदकी बरी लक्षात राहते!"

काय करणार? तिच्या माहेरच्या भांडणाला जमादारांसारखा सांगणारा मिळाला नाही.

जमादार पोलिसात बत्तीस वर्षं होते. त्यातली बरीचशी त्यांनी पंचनामे लिहिण्यात घालवली आणि सवय अंगात राहिली. एकदा आमच्याकडे मांजरानं दूध सांडलं. बायको फडकं घेऊन धावली, तर कुंपणावरून हुकूम आला, "वहिनी, हात लावू नका! मौका जसाच्या तसा राहू द्या!" मग त्यांनी पातेलं कोणत्या दिशेला कललं, मिशीचे केस कुठे पडले, हे सगळं पाहिलं आणि मांजराला निर्दोष सोडलं. झाकण मी नीट लावलं नव्हतं असं निष्पन्न झालं.

मौका म्हणजे घटना घडली ती जागा. हा त्यांचा लाडका शब्द. त्यांच्या चर्चमध्ये नवे तरुण पाळक आले आणि पहिल्याच रविवारी प्रेमावर बोलायला उभे राहिले. प्रीती सहनशील आहे वगैरे. लोक डोळे मिटून ऐकत होते. तोच मागून चौकीतला आवाज आला, "पाळकसाहेब, मौका सांगा पहिले!"

पाळक गडबडले. जमादार उभे राहिले.

"हे प्रेमाचं काऊन लिहिलं पौलानं? सुखासुखी लिहिलं का? हे लेकाचे एकमेकांच्या नरड्याले लागले होते म्हून लिहिलं! मौका सांगितल्याबिगर लोकायले वाटते, लग्नपत्रिकेवर छापाले लिहिलं."

त्यांनी मला तो मौका इतक्या वेळा सांगितला आहे की मी वर्गात नकळत ग्रीसचा नकाशा काढतो. त्यांच्या घरी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर करिंथ काढलेलं आहे. जमिनीची चिंचोळी पट्टी, दोन्ही बाजूंना समुद्र, दोन्हीकडे बंदर. "आपल्या चिखलीसारखं समजा. इकून नांदुऱ्याच्या रेल्वेचा माल, तिकून जालन्याचा. जिथी दोन्हीकून माल उतरते, तिथी भांडणं बी दोन्हीकून उतरतात." अशा गावात पौलानं मंडळी उभी केली, दीड वर्ष राहिला आणि पुढे गेला. तो गेला आणि मागे पॅनल पडली. एक पौलाचं पॅनल, बाकीची दुसऱ्या उपदेशकांची, एक अपुल्लोसाचं, एक केफाचं.

"आन् चौथे म्हने, आमी कोनाचेच नाही, आमी डायरेक्ट ख्रिस्ताचे!" इथे जमादार मांडीवर थाप मारतात. "हे सगळ्यात बदमाश!"

वर ते एकमेकांविरुद्ध कोर्टात गेले. आणि प्रभुभोजनाला एकत्र जेवायचे, त्यात पैसेवाले आधी येऊन ताव मारायचे. हमाल, गुलाम दिवसभराचं काम आटपून यायचे तोवर भांडी रिकामी. हे सगळं पौलाला समुद्रापलीकडे इफिसात कळलं, तेव्हा त्यानं बसून पत्र लिहिलं.

"कळलं कसं?" मी एकदा विचारलं. विचारायला नको होतं. त्यानंतर माझ्या चहाचं सरबत झालं.

कारण जमादारांचा सगळा तपास इथेच येऊन अडलेला आहे. पौल पत्राच्या सुरुवातीलाच सांगून टाकतो की तुमच्या भांडणांची खबर मला ख्लोवेच्या घरच्या माणसांकडून मिळाली. ख्लोवे ही कोणी बाई. तिची घरची माणसं म्हणजे नोकरचाकर असावेत.

"मास्तर, पौल मोठा मानूस. मी त्याले दोन्ही हातानं सलाम करतो. पन इथी चुकला! खबऱ्याचं नाव कोनी लिहिते का? आन् पत्र भर सभेत मोठ्यानं वाचलं जानार! ख्लोवेची ती मोलकरीन कुठंतरी मागं बसली असंन. तिचं नाव आलं. सगळ्या माना वळल्या. मंग तिचं काय झालं?"

"काय झालं?"

"कागद नाही," जमादार म्हणाले आणि चहाकडे न बघता उठून गेले.

मी हे सगळं हसण्यावारी नेत असे. आरोपींना जामीन मिळाला का, केफाला समन्स गेलं का, अशी त्यांची खेचत असे. त्यांनाही ते आवडायचं. त्यांची बायको ते नोकरीत असतानाच वारलेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चर्चमधली चारपाच मंडळी येऊन बसायची, तीही त्यांची खेचायची, आणि जमादार सगळ्यांना करिंथमध्ये हिंडवून आणायचे.

मग त्यांच्या चर्चमध्येच करिंथ झालं.

चाळीसेक घरांची मंडळी. त्यात जुन्या पाळकांचं आणि नव्या पाळकांचं अशी दोन पॅनल पडली. त्यात आला कापणीचा सण. शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे ठेवतात, उपासना होते आणि मग सगळ्यांचं जेवण. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. त्या वर्षी गाडीवाले, नोकरीवाले लवकर आले आणि आपापल्या पॅनलची पंगत करून जेवून मोकळे झाले. सोयाबीन सोंगायला गेलेल्या बाया दुपारी हातपाय धुऊन आल्या, तेव्हा पातेल्याच्या बुडाला खरवड होती. बाया काही बोलल्या नाहीत. खरवड खाऊन भांडी घासून गेल्या.

पण कोणीतरी बोललं. दुसऱ्या गावी त्यांचे वरिष्ठ पाळक असतात, त्यांना कोणीतरी पत्र लिहिलं. तिकडून निरोप आला की माझं उत्तर येत आहे, ते रविवारी सगळ्यांसमोर वाचा.

पंधरा दिवस चर्चमध्ये एकच विषय. चुगली कोणी केली? चर्चचे सेक्रेटरी, पुढच्या बाकावर बसणारे, सोन्याच्या काडीच्या चष्म्याचे, उघड म्हणत होते, "नाव तर कळू द्या. मंग पाहू, या गावात त्याले काम कोन देते."

पाकीट कोणी उघडायचं यावर वाद झाला. हे पॅनल म्हणे तुम्ही फेरफार कराल, ते म्हणे तुम्ही. शेवटी दोघांचं एका माणसावर एकमत झालं. जमादार! बत्तीस वर्षांत ज्यांच्या हातून एक कागद हरवला नाही, एक अक्षर बदललं नाही. जमादार आनंदानं तरंगत कुंपणाशी आले. "मास्तर, रविवारी येजा. दोन हजार वर्षानं पयल्यांदा मौक्यावर हजर राहाले भेटून राह्यलं!"

मी गेलो. तमाशा बघायलाच गेलो, खोटं कशाला बोलू? जमादार कडक इस्त्रीत होते. त्यांनी मला पुरुषांच्या बाजूला, पहिल्या बाकाच्या टोकाला बसवलं आणि स्वतः माझ्या शेजारी उभे राहिले. सगळ्यांना लाखेचं सील दाखवलं, पाकीट फोडलं आणि कागद हातभर लांब धरला. जवळचा चष्मा लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. त्यामुळे तो कागद बरोबर माझ्या नाकासमोर आला.

सुरुवातीला आशीर्वाद होते. ते त्यांनी खणखणीत वाचले. मग पुढची ओळ आली. माझी नजर त्यांच्या आवाजाच्या थोडी पुढे होती, म्हणून ते नाव मी त्यांच्याआधी वाचलं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. जमादार मला सोलून काढतील. आपण मार्थाबाई म्हणू. विधवा. तीन घरी धुणीभांडी करायची आणि त्यातलं एक घर सेक्रेटरींचं. उरलेली दोन त्यांच्या भावांची. बायकांच्या बाजूला अगदी शेवटच्या रांगेत, दारापाशी, ती पदर घट्ट धरून बसली होती.

वरिष्ठांनी भाबडेपणानं सरळ लिहिलं होतं की तुमच्याकडच्या मार्थाबाईंच्या पत्रावरून मला समजलं.

"मला..." जमादारांनी वाचलं आणि थांबले.

चर्चमध्ये पंखा खडखडत होता. सेक्रेटरी पुढे वाकले. "कोनाकडून? वाचा ना!"

"मला," जमादार म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता इतका मोठा झाला, "हिवराळे जमादार यांच्या घरच्या माणसांकडून समजलं, की तुमच्यात फुटी पडल्या आहेत."

सगळ्या माना वळल्या. सेक्रेटरी उभेच राहिले.

"तुमच्या घरची मानसं? तुमच्या घरी मानसं कुठी हायेत? तुमी तर एकटेच राहता!"

"मंग मीच ना," जमादार म्हणाले. "दुसरं कोन हाये?"

कोणी हसलं नाही. मीही नाही, आणि मी त्यांच्या प्रत्येक वाक्याला हसणारा माणूस. जमादारांनी उरलेलं पत्र शेवटच्या आमेनपर्यंत वाचलं, कागदाची चौपट घडी केली आणि खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी चारजणांना घेऊन ओट्याशी आले. पत्र फाइलला लावायचं होतं. जमादार दारात उभे राहून म्हणाले, "गहाळ झालं." हा शब्द उच्चारताना त्यांना किती कष्ट पडले ते मी कुंपणावरून पाहिलं. आदल्या संध्याकाळी त्यांच्या परसातल्या बंबात कागद जळताना मी पाहिला होता. आणि सेक्रेटरी यायच्या आधी सकाळच्या पहिल्या एसटीनं जाऊन ते वरिष्ठांनाही भेटून आले होते. तिथे काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही. पण मार्थाबाईंचं नाव तिकडूनही पुन्हा कधी आलं नाही.

चर्चमधलं जेवण सुधारलं. सगळे आल्याशिवाय पातेलं उघडायचं नाही असा आता नियम आहे. सेक्रेटरी तो दर वेळी जाहीर करतात आणि वर म्हणतात, "नाहीतर काही लोक लगेच वर कळवतात." माना वळतात. जमादार छताकडे बघतात. त्यांना आता कोणी वाचायला उभं करत नाही. ओट्यावर संध्याकाळी कोणी येत नाही. नवे पाळक येतात अधूनमधून, पण तेही अंधार पडायच्या आत जातात. कॅलेंडरवरचं करिंथ ते एकटेच बघत बसतात. मी कुंपणावरून विचारतो, "जमादार, अपुल्लोस काय म्हणतोय?" तर म्हणतात, "चालू हाये."

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी झाडांना पाणी घालत होतो. मार्थाबाई त्यांच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. हातात स्टीलचा डबा. रस्त्यावर दोघंतिघं जात होते.

"काऊन आल्या?" जमादार ओट्यावरून गरजले. "तुमच्या सेक्रेटरीले सांगा, मी काही माफी मागनार नाही! चला, निघा इथून!"

ती दचकली नाही. तिनं डबा आमच्या कुंपणाच्या कठड्यावर ठेवला आणि खाली मान घालून निघाली. रस्ता मोकळा झाल्यावर जमादार इकडे आले. झाकण उघडून बघितलं. वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या चार भाकरी, अजून कोमट.

"मास्तर, तिच्या घरी किती मानसं?"

"ती, सून आणि दोन नाती."

जमादारांनी कठड्यावरच उभ्या उभ्या एक भाकरी मोडली. माझ्याकडे पाठ करून खाल्ली. बराच वेळ खाल्ली. मग झाकण नीट लावलं, दोनदा दाबून बघितलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"वहिनीच्या हातून वापस पाठवजा. तीन उरल्या हायेत. म्हना, जमादाराचं पोट आता लहान झालं." त्यांनी दोन्ही तळवे आपल्या प्रचंड पोटावर ठेवले आणि जरा विचार केला. "नाहीतर असं करा. नुसतं म्हना, घरच्या मानसायले आवडलं."