ब्रेकमधली हवा

मला गाडी चालवता येत नाही. तरी गेले पाच महिने माझ्या रविवारच्या सकाळी एका जुन्या जीपच्या ड्रायव्हर-सीटवर जातात. जीप जागची हलत नाही. मी नुसता ब्रेक दाबतो आणि चाकापाशी आडवे पडलेले सबनीसकाका ओरडतात, "दाब! धर! पोदुम!"

पोदुम म्हणजे तमिळमध्ये पुरे. काका मूळचे साताऱ्याचे, सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी मद्रासला आले आणि निवृत्तीनंतर इथेच तांबरमला, आमच्या बिल्डिंगमध्ये राहिले. त्यांचं पुरे मात्र कधी होत नाही.

जीपला चारी चाकांना ड्रम ब्रेक होते. पाण्यातून गेली की ती एका बाजूला ओढायची. पुढचा सिग्नल लाल लागणार हे काकांना आधीच्या चौकातच ठरवावं लागे. शेजारी काकू जीव मुठीत धरून, पाय रोवून बसायच्या. तिथली रबरी मॅट अजून झिजलेली आहे. "ते नवे डिस्क ब्रेक लावा हो एकदाचे," त्या म्हणत. काका म्हणत, "बघू." दर महिन्याला ड्रम जुळवताना पॅडलवर काकूच असायच्या.

काकूंच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी काकांनी डिस्क मागवल्या. बसवल्या आणि माझ्या दारात उभे. "तुला दोन पाय आहेत ना? एक दे."

नव्या ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दोघं लागतात. एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी नट सैल करायचा. "धरलंय का?" असं विचारलं की "धरलंय!" म्हणायचं. नुसतं "हो" चालत नाही, कारण काकू "धरलंय!" असंच म्हणायच्या. मग साखर विसरलेली कॉफी आणि व्याख्यान: "ड्रम विनंती करतो रे, डिस्क हुकूम सोडते." शेवटी ठरलेलं वाक्य, "अजून थोडी हवा आहे. पुढच्या रविवारी काढू."

मागच्या आठवड्यात मी वैतागलो. काका बँकेत गेलेले पाहून कोपऱ्यावरच्या सेल्वम मेकॅनिकला बोलावलं. त्याने पॅडल दाबलं आणि हसला. "एअर इल्ले सार. हवा पहिल्याच दिवशी गेली असणार. डिस्कला पुन्हा पुन्हा काही करावं लागत नाही."

मला माझीच लाज वाटली. माझी रविवारची झोप मोडते म्हणून मी कुरकुरत होतो आणि या माणसाला आठवड्यातून एकदा गाडीतून कुणाचा तरी आवाज हवा होता.

काल आठ वाजले तरी हाक आली नाही. खाली गेलो तर काका पाना हातात धरून ओशाळे उभे.

"सेल्वम भेटला होता," ते म्हणाले. "झालं म्हणे काम. तू झोप जा."

मी सीटवर चढून पॅडल दाबलं. दगडासारखं घट्ट.

"त्याला काय कळतंय, काका? मागच्या डाव्या चाकात हवा आहे. बघा तुम्ही."

 काका चटई अंथरून गाडीखाली सरकले. 

"धरलंय का?" खालून हाक आली.

"धरलंय," मी म्हटलं.