हमीतली बैलजोडी

चौसाळ्याच्या सुंदररावांनी मोटार घेतली, त्या दिवसापासून तुळजाबाईंनी नवऱ्याशी बोलणं सोडलं नाही, हीच खरी अडचण होती. बोलणं सोडलं असतं तर त्या माणसाला जरा विसावा तरी मिळाला असता. पण सकाळी चुलीपुढं, दुपारी ताटापुढं आणि संध्याकाळी तुळशीपुढं तुळजाबाईंचा एकच विषय असे.

"दावणीचं सोनं दिलं आन् दारात डबडं आणून उभं केलं. कावून? मी म्हणते, कावून?"

हे 'कावून', म्हणजे 'कशासाठी', सुंदररावांना रोज तीन वेळा ऐकावं लागे. बीडचे कापसाचे व्यापारी राधाकिशन शेठ यांनी त्या साली सिकंदराबादच्या एका मोटार कंपनीची एजंटी घेतली होती. सुंदररावांच्या लाल कंधारी जोडीवर त्यांचा डोळा फार दिवसांपासून होता, आणि सुंदररावांचा डोळा शेठच्या दारातल्या मोटारीवर. तुळजाबाई भावाकडं उमापूरला गेल्या होत्या, तेवढ्यात सौदा झाला. जोडी आणि वर काही रोख शेठला, मोटार सुंदररावांना. तुळजाबाई परत आल्या तेव्हा दावणीला माणक्याही नव्हता आणि पाखऱ्याही नव्हता. वासरं होती तेव्हापासून त्यांनी दोघांना आपल्या हातानं आंबोण भरवलं होतं. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, आणि का पेटली नाही हे विचारण्याची सुंदररावांची छाती झाली नाही.

"अगं, ग्यारंटी हाय तिला," ते समजूत घालत. "सालभरात काई बी मोडलं तर कंपनी फुकट बदलून देती. बैलाचा पाय मोडला तर कोन बदलून देतंय, सांग बरं?"

"आन् कंपनीनं न्हाई दिलं बदलून, तर?"

"तर मोटार शेठच्या दारात लोटून देतो आन् तुजी बैलं सोडून आणतो. शेठ बी तसंच बोललाय, चारचौघांत."

झालं. त्या दिवसापासून तुळजाबाई मोटार मोडण्याची वाट बघू लागल्या.

फार वाट बघावी लागली नाही. लेक बीडला दिली होती, तिच्या मुलाचं बारसं होतं. जाताना मोटार मांजरसुंब्याचा घाट शहाण्यासारखी उतरली. येताना मात्र अर्ध्या चढावर तिच्या पोटात काहीतरी 'कट्' वाजलं आणि ती जागच्या जागी थांबली. मोटार हाकायला आसाराम होता. तो आधी या घरचाच गाडीवान. शेठकडं राहून मोटार शिकला होता, पण बोलणं जुनंच राहिलं होतं. तो खाली उतरला, पुढच्या चाकांकडं वाकून बघून आला आणि मोटारीच्या नाकाडावर थोपटत म्हणाला, "हो... हो... ऊठ माय."

"काय झालं बे?" सुंदररावांनी विचारलं.

"बसली, मालक."

"बसली म्हंजे?"

"बसली म्हंजे बसली. शेपूट असतं तर पिळून बघितलं असतं."

मागच्या बाकावर तुळजाबाईंच्या तोंडावर जे समाधान पसरलं, तसं नातवाच्या बारशातही पसरलं नव्हतं.

दिवस कलायला आला होता. घाटात बिबट्याची भीती असायची. सुंदरराव इकडं तिकडं बघत असतानाच खालून घुंगरांचा आवाज आला. एक गाडी चढ चढत होती. गाडी राधाकिशन शेठची, हाकणारा त्यांचा गाडीवान बंकट, आत घासलेटचे डबे आणि जुवाखाली माणक्या आणि पाखऱ्या. त्यांना थांबा म्हणावं लागलं नाही. त्यांनी बंकटचा कासरा जुमानलाच नाही, गाडी सरळ मोटारीला आणून भिडवली आणि दारावरून माना आत घातल्या. माणक्या तुळजाबाईंचा पदर चाटू लागला. तुळजाबाई घळाघळा रडू लागल्या. सुंदररावांनी समोरच्या डोंगराकडं बघायला सुरुवात केली.

"मालक, अशी कशी बाईसाबांना घाटात ठिवायची?" बंकट म्हणाला. "बैलं सोडतो. जुंपू मोटारीला."

"आन् तुज्या शेठचा माल?"

"घासलेट कोन खातंय?"

चाकाला दगड लावून गाडी कडेला ठेवली, बैल मोटारीला जुंपले, आसाराम पुढं झाला आणि बंकट मोटारीचं चाक धरून मालकांशेजारी ऐटीत बसला. नेमका नेकनूरच्या बाजाराचा दिवस. वाटेवर सगळी बाजारकरी माणसं परत निघालेली. मोटार बघायला ती एरवीही थांबत. आज तर पाठीवरचं ओझं उतरवून उभी राहिली.

"मालक, ही मोटार कशावर चालती हो?" एकानं विचारलं.

"कडब्यावर!" सुंदररावांनी तोंड उघडण्याआधी दुसऱ्यानंच सांगून टाकलं.

पुढं घर येईपर्यंत सुंदररावांनी तोंडावर ओढलेलं उपरणं काढलं नाही.

ही बातमी बीडला पोचली तसे राधाकिशन शेठ धावत चौसाळ्याला आले. आपल्या बैलांनी फुकट काम केलं म्हणून ते रागावले असतील, असं सुंदररावांना वाटलं. शेठ रागावले नव्हते, रडकुंडीला आले होते.

"मालक, असं कसं केलं तुमी? कलम हाय की! मालकानं आपलं जनावर मोटारीला जुंपलं तर ग्यारंटी बाद. मी वाचून दाखवलतं तुमाला."

"तवा मी भोंगा वाजवून बघत होतो."

"लोकं तेल वाचवायला मोटारीला बैलं जुंपत्यात आन् मग आतलं समदं खिळखिळं झालं की कंपनीच्या नावानं बोंब मारत्यात. म्हनून कलम घातलं त्यांनी. आता साहेब येईल तपासायला. त्यानं हात झटकले तर ह्या मुलखात माजी दुसरी मोटार खपंल का?"

जुंपलेले बैल शेठचेच होते, ही गोष्ट तेव्हा दोघांच्याही डोक्यात आली नाही. कारण मनातून दोघंही त्यांना तुळजाबाईंचेच बैल समजत होते. दोघांनी खाली मान घालून एवढंच ठरवलं, की मोटार माणसांनी ढकलत आणली असं सांगायचं. आतून तुळजाबाईंनी सगळं ऐकलं.

काही दिवसांनी कंपनीचा साहेब सिकंदराबादहून रेल्वेनं जालन्यापर्यंत आणि पुढं धूळ खात बीडला आला. शेरवानी, रुमी टोपी आणि फार बारीक नजर. शेठनं त्याला आपल्या बैलगाडीतून चौसाळ्याला आणलं. साहेबानं मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली सरपटून बघितलं, वर आला आणि पुढच्या दांडीवरून दोन बोटांनी काहीतरी उचललं.

"सुंदररावसाब, ये क्या है?"

"बाल है, साब."

"मोटर को बाल कबसे आने लगे?"

आसारामला हसू आवरेना म्हणून तो पाणी आणायला गेला. सुंदररावांनी शेठकडं बघितलं, शेठनं ओसरीच्या आढ्याकडं बघितलं. तेवढ्यात तुळजाबाई डोक्यावरचा पदर नीट करत ओसरीवर आल्या. हीच वेळ होती. एक खरा शब्द बोलायचा, की हमी बाद, सौदा मोडला आणि बैल दावणीला.

"बैलांनीच ओढत आणली, साहेब," त्या म्हणाल्या. "घाटातून घरापस्तोर. नेकनूरचा समदा बाजार साक्षीला हाय."

सुंदररावांनी डोळे मिटून घेतले. साहेबानं मात्र हात झटकले नाहीत. त्यानं खिशातून हमीचा कागद काढला, चष्मा लावला आणि शांतपणे वाचला.

"कलम कहता है, मालक के जानवर. तो बैल किसके थे?"

शेठच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते बसल्या जागी उडालेच. "माजे, साहेब! माजे! दाराला उभे हायेत तेच! एजंटाचे बैल म्हंजे कंपनीचेच बैल!"

साहेबानं दाराकडं बघितलं. माणक्या आणि पाखऱ्यानं तुळजाबाईंचा आवाज ऐकला होता. बंकट कासरा ओढत 'हो हो' करत होता, पण बैल गाडीसकट अंगणात शिरले, तुळशीला वळसा घालून ओसरीला भिडले आणि दोघांनीही तुळजाबाईंच्या पायाशी माना टेकवल्या. गाडीतून साहेबाचा बिस्तरा खाली पडला, तिकडं कुणी बघितलंही नाही.

"शेठ," साहेब हळूच म्हणाला, "मेरेकू तो ये बैल बाई के दिखते."

शेठ पुन्हा आढ्याकडं बघू लागले. साहेब तुळजाबाईंकडं वळला. "तुमीच बोलो, बाई. बैल कोनाचे?"

तुळजाबाईंनी पाखऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. 'माझे' एवढंच म्हणायचं होतं. ते खोटंही वाटलं नसतं. मग त्यांची नजर नवऱ्याकडं गेली. सुंदरराव खांबाला धरून उभे होते. त्यांनी खूण केली नाही, विनवलंही नाही. वाटेवर बाजारकरी हसले तेव्हा उपरण्याआड जसा चेहरा असेल, तसाच तो आत्ता उघडा पडला होता. या माणसानं घाटात आपल्याला रडताना बघून मान फिरवली होती, ती बेपर्वाईनं नव्हे, लाजेनं, हे तुळजाबाईंना त्या क्षणी कळलं.

"दिली ती दिली," त्या म्हणाल्या. "बैलं शेठजीची हायेत." आणि आत निघून गेल्या.

साहेब माणूस नेक. त्यानं तिथंच बसून कागदावर लिहिलं, की एजंटानं आपले बैल लावून मोटार सुखरूप घरी पोचवली, सबब हमी कायम; मोटारीच्या पोटातला मोडलेला दांडा कंपनी विलायतेहून मागवून फुकट बसवून देईल. सुंदररावांनी त्याला पोटभर धपाटे आणि लोण्याचा गोळा खाऊ घातला आणि बिस्तरा पुन्हा पडू नये म्हणून टांग्यातून परत पाठवताना त्याचे दोन्ही हात धरले. एवढ्या लांबून कुणी दिलेला शब्द पाळायला येतं, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं.

पण त्याहून मोठे उपकार कुणाचे झाले, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले.

"तुज्यामुळं माजं तोंड राहिलं," ते म्हणाले. "माजं चुकलं. तुला इचारायला पायजे होतं."

तुळजाबाई भाकरी थापत होत्या. 'कावून' एवढंसुद्धा म्हणाल्या नाहीत. फक्त तव्यावरची पहिली भाकरी नवऱ्याच्या ताटात वाढली.

इकडं अंगणात नवाच पेच उभा राहिला. बैल हलायला तयार नव्हते. बंकटनं ओढलं, आसारामनं ढकललं, शेठनं गूळ दाखवला. शेवटी शेठ मटकन खाली बसले. "खरं सांगू का मालक? माज्याकडं ही धड खात न्हाईत. माज्या मुनीमाला शिंगावर घेतलं. मोटार बंद हाय तवर ऱ्हाऊ द्या हितंच. मालकाची गैरसोय होऊ ने, हे बी ग्यारंटीतच येतं." ते काही हमीत येत नव्हतं, पण कागद साहेबाबरोबर गेला होता. "फकस्त एक ध्यानात ठिवा. बैलं माजी. साल संपस्तोर कुनी बी इचारलं तर माजीच म्हनायचं. न्हाई तर कलम!"

दांडा आला, बसला, मोटार चालली. पुढं पाणी तापण्यावरून रुसली, मग दिव्यांवरून. दर वेळी कंपनीनं बिनतक्रार पुर्जा पाठवला आणि दर वेळी शेठच्या बैलांनी मोटार घरी आणली. हमी अशी काटेकोर पाळली जाते म्हटल्यावर गेवराईकडच्या दोघांनी शेठकडून मोटारी घेतल्या. बैल मात्र चौसाळ्यातच राहिले. पोळ्याला तुळजाबाईंनी त्यांना झूल घातली, शिंगं रंगवली. मिरवणुकीत जो तो विचारी, "बाई, जोडी कुनाची हो?"

"बीडच्या शेठजीची," तुळजाबाई दात आवळून सांगत.

"शेठनं राखलीत मातर लई झकास!"

हे ऐकून घेणं मोटारीपेक्षाही जड गेलं. पण त्यांनी कलम मोडलं नाही.

साल सरलं. कंपनीनं आपली जबाबदारी संपल्याचं कळवलं. राधाकिशन शेठ स्वतः ते सांगायला बीडहून एका टांग्यातून आले. सुंदररावांचा चेहरा उतरला. तुळजाबाई काही न बोलता गोठ्यात गेल्या, बैलांचं दावं सोडलं आणि शेठपुढं आणून धरलं.

"घ्या शेठजी. साल झालं."

शेठनं दावं हातात घेतलं आणि परत त्यांच्याच हातात दिलं. "बाई, तुमी त्या दिशी एक शब्द बोलला नसता तर माजी एजंटी बुडलीती. ही जोडी माज्या दावणीला कदी लाभलीच न्हाई. तुमाला माजं देनं समजा."

तुळजाबाईंनी वाकून नमस्कार केला. सुंदररावांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि जोरात ओरडले, "आसाराम, मोटार काढ! शेठजींना बीडपस्तोर आपुन पोचवायचं!" टांगा परत पाठवला. शेठ मोटारीत बसले. आसारामनं मोटारीपुढचं हँडल फिरवलं. पुन्हा फिरवलं. मोटारीनं एक उसासा टाकला आणि गप्प झाली.

शेठ सवयीनं पांढरेफटक पडले. "मालक... आता तर ग्यारंटी बी न्हाई."

"न्हाई तर न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, माणक्या-पाखऱ्याला पुढं घातलं आणि जू स्वतः मोटारीला अडकवलं. शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "माजी बैलं हायेत!"