भिंतीस दार पाडणेबाबत

दामू पेंटरचा एकूण फायदा तेहतीस पावलांचा होता. हिशोब असा : आई ठकूबाईच्या खाटेपासून संडासापर्यंत, पुढच्या दारानं बाहेर पडून घराला वळसा घालून, बेचाळीस पावलं. मागच्या भिंतीला दार पाडलं तर नऊ. बेचाळिसातून नऊ गेले, राहिले तेहतीस. जाऊन-येऊन सहासष्ट. ठकूबाईचं वय ब्याऐंशी, गुडघे त्याहून जुने, आणि फेऱ्या दिवसाला सहा, पावसाळ्यात आठ. शिवाय पुढच्या अंगणाला लागूनच वडापावची गाडी होती. हायवेवरून उतरलेली माणसं तिथं उभ्यानं खात, आणि त्यांच्यासमोरून हातात डबा घेऊन जाताना ठकूबाई पदर इतका पुढं ओढी की तिला वाटच दिसेना.

संडास सरकारी अनुदानातला होता, म्हणून घराच्या मागे होता. नियमच तसा होता. घराला मागे दार असावं असं नियमात कुठं लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते नव्हतं.

गाव कुंभिवलीच्या पुढं, हायवेला चिकटून. त्याचं नाव सरकारी कागदांत तीन प्रकारे लिहिलं जातं, म्हणून इथं लिहीत नाही.

दुसऱ्या एखाद्यानं असं दार रविवारी दुपारी पाडलं असतं आणि सोमवारी त्याला कडी लावली असती. पण दामू लेखी शब्दाला भिणारा माणूस. सत्तावीस वर्षं त्यानं इथपासून मोहोपाड्यापर्यंतच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. जो माणूस रोज 'परवानगीशिवाय आत येऊ नये' असं स्वतःच्या हातानं लिहितो, त्याच्या हाडात परवानगी भिनते. भिंतीला लागून पंचायतीची पाणंद जात होती, म्हणून त्यानं रीतसर अर्ज केला. विषय : राहत्या घराच्या मागील भिंतीस दार पाडणेबाबत. सोबत भिंतीचा रंगीत फोटो, दोन प्रतींत.

फोटो रंगीत निघाला यात फोटोग्राफरचं कौतुक नव्हतं. भिंतच तशी होती. पाटी झाली की ब्रश पुसावा लागतो, पुसायला चिंधी लागते, आणि घरातली प्रत्येक चिंधी ठकूबाईच्या गोधडीत जाई. म्हणून दामू भिंतीला ब्रश पुसायचा. सत्तावीस वर्षं, खाली, वर, आडवा, उभा, हात पोचेल तिथं.

अर्ज पंचायतीत योगेंद्र भाऊसाहेबांच्या टेबलावर गेला. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. शासनानं त्या पदाचं नाव बदलून भारदस्त केलं आहे. गावानं माणूस तोच पाहून नावही तेच ठेवलं. अर्ज तीन महिने टेबलावर राहिला, आणि बहुधा तिथंच म्हातारा झाला असता. पण एका शुक्रवारी वरून परिपत्रक आलं. विषय : अमूर्त कलेचा उगम व प्रारंभिक विकास.

मुळात हे मुंबईतल्या कुठल्याशा व्याख्यानाचं निमंत्रण होतं. पण वाटेतल्या एका टेबलानं 'उगम' वाचला आणि कागद नद्यानाल्यांच्या फायलीत लावला. पुढच्या टेबलानं 'विकास' वाचला आणि तो पंचायतींकडे वळवला. विकास म्हटल्यावर फरशी, कुंपण आणि दिव्याचा खांब आलाच. प्रत्येक टेबलानं आपली एक ओळ जोडली, आणि गावात पोचेपर्यंत व्याख्यान गळून गेलं, चहाची वेळ गळून गेली, उरला तो अकरा रकान्यांचा तक्ता. 'आपल्या हद्दीतील उगमस्थानाची माहिती आज सायंकाळी पाचपर्यंत सादर करावी. निरंक अहवाल स्वीकारला जाणार नाही.'

भाऊसाहेबांनी शिपायाला हाक मारली. "पोपटराव, उगम म्हणजे काय हो?"

"उल्हास नदीचा हाय की, तकडं डोंगरात."

"नदीचा नाही, कलेचा."

"मंग ती बी डोंगरातूनच येत आसंल."

"आणि अमूर्त?"

पोपटानं डोकं खाजवलं. "अ-मूर्त. ज्याच्यात मूर्ती नाय ते."

भाऊसाहेबांनी शेजारच्या गावच्या ग्रामसेवकाला फोन लावला. त्यानं सकाळीच माहिती पाठवली होती. त्यांच्या देवळातली मूर्ती रंगवायला पेणला गेली होती; त्यानं रिकाम्या गाभाऱ्याचा फोटो जोडून दिला. त्याच्या पलीकडचा प्रामाणिक होता. त्यानं 'निरंक' लिहिलं आणि जेवायच्या आत त्याला कारणे दाखवा नोटीस आली.

साडेचार वाजले होते. भाऊसाहेबांची नजर टेबलावर फिरली आणि दामूच्या फोटोवर थांबली.

"पोपटराव, यात मूर्ती दिसते का कुठं?"

"नाय."

"कला?"

"रंग त हायेत बरंच."

झालं. भाऊसाहेबांनी दामूला फोन केला.

"भाऊसायेब, दाराचं झालं का?" दामूनं आधी तेच विचारलं.

"त्याचंच चाललंय. भिंतीला पहिला रंग कधी लागला?"

"घर बांधलं तवा. नव्याण्णवला."

"का लावला?"

"चिंधी नव्हती म्हनून."

'उगमाचे वर्ष : १९९९. प्रेरणा : साधनसामग्रीचा अभाव.' पाचाला पाच कमी असताना माहिती सादर झाली.

पंधरा दिवसांनी पाहणी समिती आली. तिच्यात एक विस्तार अधिकारी होते, चार जण त्यांच्या गाडीत जागा होती म्हणून आले होते, आणि कलातज्ज्ञ म्हणून नम्रता मॅडम होत्या. मॅडम मुंबईच्या, कर्जतला त्यांचं फार्महाऊस होतं आणि तिथं त्या शनिवार-रविवार साधेपणानं राहत. गाडीत तक्ता वाचून त्या खळखळून हसल्या.

"अहो, याचा उगम इथला कसा असेल? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची परदेशातली गोष्ट आहे ही. वेगवेगळ्या गावचे चित्रकार, पण साधारण एकाच सुमाराला म्हणाले, झाडं पुरे, चेहरे पुरे, फळांच्या परड्या पुरे. एक म्हणाला, रंग गाण्यासारखा ऐकू आला पाहिजे. एकानं तर नुसता काळा चौकोन काढला आणि घरात देवाची तसबीर लावतात त्या कोपऱ्यात टांगला. आणि या सगळ्यांच्या आधी एका बाईनं हे करून ठेवलं होतं. तिनं लिहून ठेवलं, मी गेल्यावर वीस वर्षं चित्रं उघडू नका. मग काय, नाव दुसऱ्यांचं झालं."

विस्तार अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, परदेशाचं परदेशानं कळवावं. आपल्याला निरंक चालत नाही."

मग मॅडम भिंतीसमोर आल्या आणि त्यांचं हसू थांबलं. दोन पावलं मागं गेल्या. गॉगल काढला.

"हा लाल," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "किती अस्वस्थ लाल आहे हा! त्या दिवशी मनात काय होतं तुमच्या?"

"पापड," दामू म्हणाला.

"पापड?"

"बचत गटाचा बोर्ड व्हता."

"आणि हा काळा? ओरखडा ओढल्यासारखा?"

"पंक्चर. चोवीस तास."

"आणि हा मोकळा पट्टा? इथं तुम्ही काहीच बोलत नाही."

"तवा लॉकडाऊनमंदी समदं बंद व्हतं ना मॅडम. कोन पाटी करनार?"

मॅडमनी वहीत लिहिलं, 'मौनाचा काळ'. मग त्या खाली वाकल्या. तळाला हातभर रुंदीचा चिखली पट्टा होता. "हा रंग मी कुठंच पाहिलेला नाही."

"त्यो निवडनुकीचा. समद्या पार्ट्यांचं काम मीच करतो. सगळ्यांचं रंग एका ब्रशनं पुसलं का शेवटाला ह्योच रंग हुतो."

"हे नोंदीत घेऊ नका," विस्तार अधिकारी घाईनं म्हणाले.

"दामोदरजी," मॅडमचा आवाज भरून आला होता, "तुम्ही वस्तूच टाकून दिल्यात!"

"टाकल्या नाय हो. त्या पाट्यांवं गेल्या. हितं निस्तं उरल्यालं हाय."

"नुसतं उरलेलं!" मॅडमनी डोळे मिटले. पुढं त्यांच्या प्रदर्शनाचं हेच नाव झालं.

एवढ्यात घराला वळसा घालून ठकूबाई आली. हातात डबा, बेचाळिसापैकी चौतीस पावलं झालेली, आणि संडासाच्या वाटेत सहा माणसं भिंतीकडे तोंड करून उभी.

"दामू, दार पाडाया आल्यात का रं ही?"

"नाय आये. भित बगाया आल्यात."

"भितीत काय बगायचं? भोक पाडलं त पल्याडचं तरी दिसंल."

मॅडमनी हेही लिहून घेतलं. ठकूबाई मात्र वाट मिळेपर्यंत डबा धरून उभी राहिली, कारण समिती फोटो काढत होती.

खरा प्रश्न नंतर आला. उगमाला दार पाडता येत नाही. आणि दाराचा अर्ज प्रलंबित असेल तर उगम जाहीर होत नाही. भाऊसाहेबांनी टाईप केलेलं संमतीपत्र पुढं केलं : 'भिंतीस दार पाडण्याची मागणी मी स्वखुशीने मागे घेत आहे.'

दामूनं पेन हातात घेतलं आणि धरून ठेवलं. इथं त्याला कुणी जबरदस्ती केली असं म्हणता येणार नाही. विस्तार अधिकारी घड्याळ बघत होते. नाही म्हणाला असता तर समिती पुढच्या गावी रिकामा गाभारा बघायला गेली असती. दामूनं आईकडं पाहिलं. ती परतीच्या वळशाला लागली होती, एक हात भिंतीला. मग त्यानं मॅडमकडं पाहिलं.

"दामोदरजी," मॅडम म्हणाल्या, "पेंटर पुष्कळ असतात. कलावंत क्वचित."

दामूनं सही केली. शेजारी कंसात 'कलावंत' असंही लिहिलं, वळणदार.

संध्याकाळी ठकूबाईला सांगितलं तेव्हा तिनं हातातला डबा कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाली, "दामोदरजी म्हनली का तुला? बारशालाबी कोनी एवढं नव्हतं म्हनलं. जाऊं दे. पोराचं नाव झालं, आयेचं पाय गेलं. पाय कवातरी जानारच व्हतं."

दामूनं त्या रात्री जेवण अर्धं टाकलं. सकाळी नवी पाटी रंगवायची होती, म्हणून लवकर झोपला.

मग प्रारंभिक विकास सुरू झाला. भिंतीसमोर लाल-पिवळी फरशी बसली. भिंतीभोवती स्टीलची जाळी आली आणि पाणंद बंद झाली. जाळीला फाटक एकच, हायवेच्या बाजूनं, वाहनतळातून. कोपऱ्यात उंच दिव्याचा खांब आला. 'येथे अमूर्त कलेचा उगम झाला' ही पाटी अर्थातच दामूनं रंगवली. ती संपवून तो सवयीनं ब्रश घेऊन भिंतीकडं वळला, तर भाऊसाहेब किंचाळले.

"अहो, काय करताय? उगम दूषित होईल!"

"मीच केलाय ना त्यो?"

"म्हणूनच तुम्हाला विशेष मनाई आहे. बाकीच्यांना नुसती मनाई."

दामू तेव्हापासून पँटला ब्रश पुसू लागला. दोन महिन्यांनी मॅडम ती पँट घेऊन गेल्या. अहवालात तिचा उल्लेख 'उगमाचा प्रसार' असा आहे.

उगमस्थळी प्रसाधनगृह बंधनकारक असतं. पण 'वीस मीटरच्या आत प्रसाधनगृह अस्तित्वात असल्यास नवीन प्रस्तावित करू नये' असाही नियम आहे, आणि चांगला आहे. त्यानं उधळपट्टी थांबते. ठकूबाईचा संडास भिंतीपासून चार मीटरवर होता. त्याला निळा रंग लागला आणि त्यावर 'पर्यटकांसाठी' अशी पाटी आली. तीही दामूनंच केली. अक्षर फार सुंदर आलं आहे.

"अन् मी?" ठकूबाईनं भाऊसाहेबांना विचारलं.

"आजी, तुम्हाला कोण अडवतंय? रांगेत सगळे सारखे."

दामूनं बाजूच्या भिंतीला दार पाडण्याचा अर्ज केला. बाजूची भिंत उगमाच्या संरक्षित पट्ट्यात येत होती. त्यानं छपरातून शिडीचं विचारलं. भाऊसाहेबांनी तो अर्ज हसून परत दिला, आणि हसले ते चांगुलपणानं.

आता कोणाला काय मिळालं आणि कोणी काय भरलं त्याचा गोषवारा. भाऊसाहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. मॅडम 'नुसतं उरलेलं' यावर बोलायला परदेशी जाऊन आल्या; उगम तिकडचा की इकडचा यावर तिथं दोन दिवस चांगली चर्चा झाली. विस्तार अधिकाऱ्यांना पुढच्या गावाचा गाभारा मूर्ती परत आल्यामुळे रद्द करावा लागला, पण त्यांचं लक्ष्य पूर्ण झालं होतं. दामूला शाल, श्रीफळ आणि 'जी' मिळाला. यांपैकी कोणाचंही एक पाऊल जास्तीचं पडलं नाही.

पावलं ठकूबाईची पडतात. पुढच्या दारानं बाहेर, वडापावच्या गाडीवरून, वाहनतळातून, फाटकातून, फरशीवरून रांगेच्या शेवटाला : एकशे एकतीस.

आणि तुम्ही. गेल्या महिन्यातल्या रविवारी तुम्ही सहकुटुंब आला होतात. भिंतीसमोर अकरा मिनिटं उभे राहिलात, त्यांतली सात फोनमध्ये. "काहीतरी आहे यात," असं म्हणालात, कारण शेजारचे गृहस्थ तसं म्हणाले होते. मग टॉयलेट कुठं आहे ते विचारलंत. रांगेत तुमच्या पुढं एक म्हातारी होती, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेली. तुम्ही अगदी नम्रपणे म्हणालात, "आजी, आम्हाला पुण्याला पोचायचंय हो. तुम्ही काय, इथल्याच ना?"

म्हातारी बाजूला झाली.