तापाला पोचवणारा सोनू परब

लोक पाहुण्याला स्टेशनपर्यंत पोचवायला जातात. आमचा शेजारी सोनू परब तापाला पोचवायला जायचा.

घाटकोपरच्या डोंगरावर आमची चाळ. कुणाचा ताप उतरला की सोनू दारात हजर. हातात पत्रावळीवर दहीभात, पायात काही नाही. आजाऱ्यावरून पत्रावळ ओवाळायचा आणि तापाला दम द्यायचा, "इलास, रवलास, जेवलास. आता गुमान चल." मग उतरणीच्या नाक्यावर पत्रावळ ठेवून यायचा. जाताना मागं बघायचं नाही. बघितलं तर पाहुणा परत फिरतो आणि रागानं घरातल्यांना एकमेकांत लावून देतो, असं त्याचं म्हणणं. नाक्यावरचं कुत्रं ह्या दहीभातावर डुकरासारखं फुगलं होतं.

गावाकडं गोवर-कांजिण्या झाल्या की असं करतात. सोनूला साधी सर्दीसुद्धा चालायची. मलेरियावर मात्र भारी राग. "एक दिवस आड येता. लाज नाय मेल्याक!" भाड्यासाठी आमचा जीव खाणाऱ्या चाळमालकाच्या मुनिमाचाही ताप त्यानं पोचवला. मी म्हटलं, "अरे, त्याचा कशाला घालवलास? राहू द्यायचा की चार दिवस." तर म्हणतो, "भाऊ, तापाक काय कळता मुनीम कोण तो?"

आम्ही दोघं एकाच गिरणीतले. गिरणी संपात गेली ती गेलीच. मला निदान बायको होती, त्याला कोणी नाही. माणसाला काहीतरी काम लागतं. मी त्याला हसायचो. माझी वत्सला हसायची नाही. दही तीच लावून द्यायची.

त्या थंडीत चाळभर ताप आला. घसा, अंगदुखी, डोळे लाल. वत्सलालाही आला, आठवड्यात उतरला. सोनू दहीभात घेऊन निघाला. थोडा खाली गेला असेल, तर वत्सलानं दारातून हाक मारली, "भावोजी, चपला तरी घाला, काचा पडल्यात तिथं!"

सोनूनं वळून बघितलं.

महिन्याभरानं तिची बोटं सुजली. मग गुडघे. गालांवर लाल चट्टे. साडीच्या निऱ्या धरता येईनात. पार्ल्याच्या मोठ्या डॉक्टरकडं नेलं, सोनू पिशवी धरून बरोबर. डॉक्टर म्हणाले, "ताप कधीच गेला. त्याच्याशी मारामारी करायला उठलेले अंगातले पहारेकरी मात्र अजून थांबले नाहीत. आता घरच्याच माणसांना चोर समजून मारतायत. तापाचं निमित्त झालं असावं. तोच ताप बाकीच्यांना आला, ते धडधाकट आहेत. हिलाच का, ते आम्हालाही सांगता येत नाही."

सोनूचं तोंड उतरलं. "डॉक्टरसायब, मी मागे बघितलंय म्हणान?"

"कुठं मागे बघितलं?"

त्यानं दहीभातापासून सगळं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. "त्याचा काही संबंध नाही, काका. कुणाचीच चूक नाही ह्यात."

वत्सला म्हणाली, "आणि हाक तर मी मारली ना, भावोजी? मग चूक माझी."

त्याला दोन्ही पटलं नाही. जिन्यावर मला हळूच म्हणाला, "डॉक्टर बरो माणूस. माझा मन राखल्यान."

त्यानंतर त्यानं कुणाचा ताप पोचवला नाही. चाळीतले चिडवायचे, "काय सोन्या, परत संपावर?" तो म्हणायचा, "माझो हात चांगलो नाय." त्याच हातानं रोज सकाळी आमचं पाणी भरायचा, वत्सलाला नारळ खवून द्यायचा. ती ओट्याजवळ बसून सांगायची, "भावोजी, खोबऱ्याच्या पाठीला गेलात, काळं पडतंय," आणि तो गुन्हेगारासारखा हात आवरायचा.

गोळ्यांनी तिचं तोंड सुजलं. मग किडनी गेली. मग तीच गेली.

तेराव्यानंतर सोनू दिसेना. भिंतीपलीकडं खोकला ऐकू यायचा, माणूस नाही. मी पण गेलो नाही. खरं सांगतो, मला शिव्या द्यायला कुणीतरी हवं होतं. रोगाला काय शिव्या देणार? तिच्याच अंगानं तिला मारलं, आणि डॉक्टर म्हणतो कुणाची चूक नाही. असलं मरण घेऊन माणसानं करायचं काय?

एका दुपारी त्याचं दार ढकललं. चटईवर भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. माझ्याकडं न बघता म्हणाला, "भाऊ, गाळी घाल माका. मायेवरसून घाल. तुकाय बरा वाटतला, माकाय."

शिवी तोंडात आली होती. चांगली खणखणीत, गिरणीतली.

"सरक तिकडं," मी म्हटलं, आणि त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसलो.